श्रावणी अवसेची रजा

माझ्या वडिलांनी अख्ख्या नोकरीत स्वतःसाठी म्हणून रजा घेतली नाही आणि याचा त्यांना कोण अभिमान होता. झाशीत रेल्वेच्या एका कचेरीत ते कारकून होते. कमावलेली रजा साठत जायची, एका मर्यादेपुढे ती आपोआप बुडायची, आणि बुडाली की वडील जेवताना सांगायचे, "यंदाही गेली." सुरात हळहळ नसे, उलट मिशीतल्या मिशीत हसू असे. साठवता कशासाठी, असं विचारलं तर म्हणायचे, "लागेल कधीतरी." मुरांब्याची बरणी कधी उघडायची नाही आणि बुरशी आली की टाकून द्यायची, असा तो प्रकार होता. लहानपणी मला यात मोठेपणा वाटे. पुढे मी स्वतः नोकरीला लागलो, एका रजेसाठी दाराशी उभा राहिलो, तेव्हा मात्र त्यांचा रागच आला.

माझी पहिली नेमणूक गरौठ्याला झाली. झाशीहून बसनं निघालं की पोचेपर्यंत अर्धा दिवस खलास. पावसाळ्यात काळ्या मातीचा असा चिखल व्हायचा की चप्पल हातात घेऊन चालणारा माणूस शहाणा ठरे. आमची सरकारी कचेरी एका भाड्याच्या घरात होती. मागे अंगण, अंगणात एक कडुनिंब, आणि त्याच्या पलीकडे चौकीदारासाठी बांधलेली एक खोली. चौकीदार गावचाच, त्याला खोली नको होती, ती मला मिळाली. कचेरीची मागची खिडकी आणि माझं दार अगदी समोरासमोर. मला कामावर यायला उशीर होणं शक्यच नव्हतं आणि घरी जायची सबबही सांगता येत नव्हती. तरी मी खुशीत होतो. पगार सरकारी, खोली फुकट, आणि झाशीच्या बसचा कंडक्टर आमच्या ओळखीचा. बड़ा बाज़ारच्या गल्लीतल्या आमच्या घरून आई त्याच्याबरोबर कधी चिवडा, कधी मेतकूट पाठवायची आणि निरोप तोंडी.

एकाच गोष्टीची काळजी होती. श्रावणातल्या अवसेला मला घरी पोचायचं होतं.

त्या दिवशी आमच्याकडे पिठोरी असते. हे व्रत आईचं. दिवसभर उपास, संध्याकाळी पिठाच्या मूर्ती मांडून पूजा, आणि शेवटी खीरपुरीचं ताट डोक्यावर धरून, पाठ फिरवून आई विचारते, "अतीत कोण?" म्हणजे दाराशी आलेला पाहुणा कोण. मागे उभ्या मुलानं "मी" म्हणायचं आणि ताट मागच्या मागे काढून घ्यायचं. मुलं जगावीत म्हणून हे करतात. माझ्या आधीची आईची दोन मुलं वर्षाची व्हायच्या आत गेली होती. तिसरा मी टिकलो. त्यामुळे "मी" म्हणणारा घरात मी एकटाच, आणि ते माझ्याच आवाजात हवं असे. गोवर निघाला होता त्या वर्षी मी अंथरुणातून "मी" म्हटलं होतं आणि तोंडाला चव नसताना खीर खाल्ली होती. गल्लीतली पोरं खिरीच्या आशेनं मागून "हम हैं, हम हैं" असा कालवा करायची. आई त्यांना पुऱ्या भरपूर द्यायची, ते ताट द्यायची नाही. एरवी ती सोवळ्याओवळ्याची फार पत्रास ठेवणारी नव्हती. पण या एका प्रश्नाला उत्तर आलं नाही तर काय, हा विचार तिच्यानं करवत नसे, आणि खरं सांगायचं तर माझ्याही.

म्हणून मी चांगला महिना दीड महिना आधीच अर्ज केला. हिंदीत लिहिलं, श्रावण अमावस्येला घरी पूजा आहे, आकस्मिक रजा मिळावी. आमच्या कचेरीत बड़े बाबू, म्हणजे हेडक्लार्क, होते, मूळचे गरौठ्याचेच, पान खाणारे, मनानं उदार. त्यांनी भिंतीवरचं पंचांग काढलं, सावनची अमावस्या शोधली, अर्जावर तारीख घातली आणि साहेबांची सही आणून दिली. "जाओ भैया, अम्मा के हाथ को खा आओ," म्हणाले. तारीख बघून मला वाटलं, यंदा पिठोरी फारच लवकर आली. यापलीकडे मी काही विचार केला नाही. सणवार केव्हा ते आईनं सांगायचं आणि आम्ही पाटावर बसायचं, एवढंच मला ठाऊक.

बस झाशीला पोचली. घराचं दार लोटलं तर आई अंगणात चिंच लावून पितळी समया घासत बसली होती. कोपरापर्यंत हात काळे. मला बघून ती आधी घाबरली.

"आज कसा काय आलास? नोकरी आहे ना?"

"पिठोरीला आलो."

आईनं समई खाली ठेवली. मग अशी हसायला लागली की शेजारची बाई डोकावली. "अरे, आज दिव्यांची अवस. आषाढ चाललाय आपला. पिठोरी अजून महिन्यानं!"

आता यात वेडेपणा कुणाचा ते सांगणं कठीण आहे. आमचा मराठी महिना अवसेला संपतो, उत्तरेकडचा पुनवेला. त्यामुळे अंधारा पंधरवडा लागला की शेजाऱ्यांचा महिना आमच्या पुढे पळतो. त्यांची सावनची अमावस्या म्हणजे आमची आषाढातली. आमची श्रावणातली अवस येते तेव्हा त्यांचा भादो चालू असतो. पिढ्यान् पिढ्या आमची घरं झाशीत या दोन पंचांगांच्या मध्ये सुखानं नांदली, कारण सण घरच्या पंचांगानं आणि नोकरी इंग्रजी तारखेनं. या दोघांची गाठ मीच एका अर्जात मारून दिली होती.

पण ती चुकीची रजा मी मजेत काढली, हे कबूल करायला हवं. काही काम नाही, काही विधी नाही, कुणी वाट पाहत नाही. आईनं गुळाच्या कणकेचे दिवे उकडले, त्यांत तूप ओतून मी ते एकामागून एक संपवले. दुपारी ओसरीवर ताणून दिली. संध्याकाळी घासलेले सगळे दिवे पाटावर लावून ठेवले होते, आणि आम्ही तिघं त्या उजेडात नुसते बसून राहिलो. वडील म्हणाले, "रजा फुकट घालवलीस." मला तसं वाटलं नाही. घालवली खरी, पण फुकट नाही.

परत निघताना आईनं विचारलं, "मग पिठोरीला कसा येशील?"

"परत मागेन," मी ऐटीत म्हणालो.

मागितली. आणि तोंडघशी पडलो. साहेब लखनौकडचे, शिस्तीचे आणि संशयी. त्यांनी अर्ज दोनदा वाचला.

"अभी तो सावन की अमावस्या की छुट्टी ली थी।"

"जी, वो आपका सावन था।"

"और अब?"

"अब हमारा श्रावण है।"

साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "यानी सावन भी दो-दो रखते हो?"

मी समजावायला गेलो तसतसं प्रकरण जास्तच लबाडीचं दिसू लागलं. त्यात दुष्काळात तेरावा महिना म्हणावा तसा, नेमका त्याच दिवशी झाशीच्या मोठ्या साहेबांचा मुआयना ठरला होता, म्हणजे कचेरीची तपासणी. नव्या माणसानं त्या दिवशी गैरहजर राहायचं नावच काढायचं नाही. मी निघालो तेव्हा साहेब म्हणाले, "और याद रखना, छुट्टी कोई अधिकार नहीं है। नियम पढ़ लेना।"

पढ़ लिया. खरंच तसं होतं. किती प्रकारची रजा, पगारी कोणती, अर्धपगारी कोणती, बिनपगारी कोणती, सगळं तपशिलानं दिलेलं, आणि आधीच बजावलेलं की रजा हक्क म्हणून मागता येणार नाही. जेवायला बोलवायचं आणि पाट मांडता मांडता सांगायचं की वाढायचं की नाही ते आमच्या मर्जीवर. मी चिडून पुस्तक मिटलं.

बड़े बाबूंना फार लागलं होतं. तारीख त्यांनी घातली होती ना. दोन दिवस ते पान न खाता बसले, मग म्हणाले, "बिना तनखा की छुट्टी के लाने साहब से कह देखें? मिल तो जैहै, पै पक्के होबे में देर लग जैहै।" म्हणजे बिनपगारी रजा मिळाली असती, पण नोकरीत कायम होणं लांबलं असतं, आणि साहेबांच्या मनातला संशय कागदावर चढला असता. मग त्यांनी आवाज खाली आणून दुसरा उपाय सांगितला. "बीमार पड़ जाओ। डाक्टर अपनो आदमी है।"

हे मात्र माझ्या घशाखाली उतरेना. मी काही हरिश्चंद्राचा अवतार नव्हतो. पण मुलगा धडधाकट राहावा म्हणून आई दिवसभर उपाशी, आणि त्याच दिवशी मुलगा सरकारी कागदावर आजारी, हे कसं लिहून द्यायचं? मी तसं म्हटल्याबरोबर बड़े बाबूंनी दोन्ही कानांना हात लावले. "राम राम। ना भैया, जो काम नईं करने।"

शेवटी मी कंडक्टरकडे निरोप दिला, "आईला सांगा, यंदा येणं होत नाही." दोन शब्द जास्त सांगावेत असं वाटलं, पण कंडक्टरच्या तोंडून ते कसे वाटतील कोण जाणे. ती रात्र मी फार वाईट काढली.

दुसऱ्या दिवशी बस आली. कंडक्टरनं चिवड्याचा डबा हातात दिला आणि तिकिटं फाडता फाडता म्हणाला, "अम्मा कह रईं, तुम नईं आ सकत तो हम आ रए।"

घरी काय घडलं ते मला नंतर दोघांकडून वेगवेगळं कळलं, पण मुद्द्याच्या बाबतीत दोघांचं एकमत होतं. आई म्हणाली, मी गरौठ्याला जाते. वडिलांनी विचारलं, घर कोण बघेल? आमच्या देवांना दुपारी शिजलेल्या अन्नाचा नैवेद्य लागतो, तो कधी चुकलेला नव्हता, आणि दुपारी वडील कचेरीत.

आई म्हणाली, "तुमची रजा आहे की."

वडील चष्मा पुसू लागले.

"लागेल कधीतरी म्हणत होतात ना? लागली."

"किती दिवसांची टाकू?"

"ते मी तिथं गेल्यावर कळवीन."

वडिलांनी रजेचा अर्ज दिला तेव्हा त्यांच्या कचेरीत खळबळ उडाली. घरी काही बरंवाईट तर नाही ना, अशी चौकशी करायला दोघंतिघं घरापर्यंत आले. रजेच्या त्या पहिल्या दिवशी वडिलांनी त्यांना दार उघडलं ते हातात पळी घेऊन. हे चित्र मला बघायला मिळालं नाही, याची हळहळ अजून आहे.

आई बसमधून उतरली ती हातात परडी घेऊन, बायकांच्या घोळक्यातून, सगळ्यांशी ओळख करून. लग्न होऊन झाशीला आल्यापासून ती एकटी कुठे गेली नव्हती. बाळंतपणाला ग्वाल्हेरला माहेरी गेली तेवढीच, आणि बाळंतपणाला सुट्टी म्हणत नाहीत. माझी खोली तिनं एकदा नजरेखालून घातली, पदर खोचला आणि झाडू मागितला.

मुआयन्याचा दिवस उजाडला. मोठे साहेब दुपारी आले. फायली निघाल्या, फायलींमागून फायली निघाल्या. मला वाटलं होतं, पाचला सगळं आटपेल आणि मी अंगण ओलांडून जाईन. पाच वाजून गेले. मोठ्या साहेबांना एका जुन्या प्रकरणात रस उत्पन्न झाला आणि ते प्रकरण माझ्याच कपाटात होतं. मी त्यांच्यापुढे उभा, हातात गठ्ठा, आणि डोळा मागच्या खिडकीवर. उजेड उतरत होता. पलीकडे माझ्या खोलीत निरांजन लागलेलं दिसत होतं. तिन्हीसांज टळली तर तिचा नेम टळला. मला कळत होतं की आई ताटकळली आहे आणि तिला हेही कळतंय की मी का येत नाही.

मग खिडकीतून तिचा आवाज आला. मोठा, एरवी गल्लीत पोरांना हाक मारायची तसा.

"अतीत कोण?"

कचेरीत सगळे थांबले. साहेबांची मान वर झाली. मी गठ्ठा छातीशी धरला आणि होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडलो,

"मी!"

कडुनिंबावरचे कावळे उडाले. मोठ्या साहेबांचं पेन हातातच राहिलं. आमचे साहेब पांढरे पडले. कुणी काही बोलायच्या आत बड़े बाबू शांतपणे पुढे झाले.

"हाज़िरी दे रए हैं, साहब," ते म्हणाले. "अम्मा बुला रईं।"

आणि मग त्यांनी थोडक्यात सगळं सांगितलं. दोन श्रावण, चुकलेली तारीख, उपाशी आई. चूक आपली म्हणून सांगितली. मोठ्या साहेबांनी ऐकून घेतलं, खिडकीकडे पाहिलं. दारात आई आमच्याकडे पाठ करून उभी, ताट दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं. ताट चांगलं जड होतं.

"तो खड़े क्या हो," मोठे साहेब मला म्हणाले, "थाली तो उतारो।"

मी धावलो. ताट मागच्या मागे उचललं तेव्हा तिनं वळून पाहिलं आणि माझ्या तोंडावरून हात फिरवला. "आवाज बसलाय तुझा," म्हणाली. मला रडू आलं. ते खिरीच्या वासानं आलं असंही म्हणता येईल, दुपारपासून मीही जेवलो नव्हतो.

त्या संध्याकाळी मुआयना तिथंच संपला. पुऱ्या कचेरीभर वाटल्या गेल्या. आमचे साहेब खिरीची वाटी घेऊन बराच वेळ उभे होते, मग जरा संकोचानं म्हणाले, "तो श्रावण की अमावस्या असल में आज है?"

"हमारी आज है, साहब," आई म्हणाली. "आपकी हो गई। खीर दोनों में चलती है।"

बड़े बाबूंना तिनं तिसऱ्यांदा वाढलं. ते म्हणाले, "अम्मा, आपकी छुट्टी तो बिना तनखा की हुई।"

"काम कौन सा तनखा वाला था, भैया," आई म्हणाली आणि पुरी वाढून पुढे गेली.

बड़े बाबू हसले, मग हसता हसता थांबले. मीही त्या वेळी हसलो होतो. रजेच्या नियमांचं पुस्तक मी इतक्या तावातावानं वाचलं होतं, हक्क आहे की नाही म्हणून मनात भांडलो होतो, पण त्यात आईसारख्या माणसाचा उल्लेखही नाही हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई निघेल असं मला वाटलं. ती निघाली नाही. सकाळी कडुनिंबाखाली खाट टाकून तिनं चहा घेतला, आयता, मी केलेला. चहा वाईट होता आणि ती तो मिटक्या मारत प्यायली. दुपारी ती झोपली. दिवसाउजेडी झोपलेली आई मी पहिल्यांदाच पाहत होतो, त्यामुळे खिडकीतून दोनदा बघून खात्री केली. संध्याकाळी बड़े बाबूंच्या घरच्या बायकांबरोबर ती गावाबाहेरच्या देवळापर्यंत चिखलातून चप्पल हातात घेऊन चालत गेली आणि आल्यावर पाय धुता धुता कधी नव्हे ते गाणं गुणगुणत होती.

मग कंडक्टर निरोप घेऊन आला. "बाबूजी पूछ रए, अम्मा कबै आहें? दाल जल गई।"

आई तूर निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "सांग त्यांना, रजा वाढवली."

पुढच्या खेपेला वडिलांचा उलटा निरोप आला की दाल आता जमते, घाई नाही. त्याच्याबरोबर त्यांनी केलेल्या वड्या होत्या. दगडासारख्या. आईनं त्या चहात बुडवून खाल्ल्या आणि एकही मला दिली नाही.

ती निघाली त्या दिवशी मी कचेरीतून पाच मिनिटांची परवानगी काढून बसपर्यंत गेलो. साहेबांनी या वेळी कारण विचारलं नाही. कंडक्टरनं तिला खिडकीची जागा धरून ठेवली होती. मी पाया पडलो, परडी आत दिली आणि म्हटलं, पुढच्या वर्षी मी आधीच नीट इंग्रजी तारीख घालून अर्ज करीन, चूक होणार नाही.

बस सुरू झाली होती. आईनं खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला.

"तू नको मागूस," ती म्हणाली. "मी घेत जाईन."